घरोघरी रेडिऑलॉजिस्ट

कपाटाच्या वर, थर्माकोलबंदीच्या आधीचं गणपतीचं मखर आणि चाकं निखळलेली सूटकेस यांच्या मधल्या फटीत प्रत्येक मराठी घराचा वैद्यकीय इतिहास उभा करून ठेवलेला असतो. मोठाल्या पाकिटांतल्या एक्स-रेच्या फिल्म. कुणाचा मोडलेला हात, कुणाची छाती, कुणाचा गुडघा. हात मोडून घेणारा मुलगा आता स्वतः आजोबा झालेला असतो. पण फिल्म टाकायची नाही, कारण 'डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले तर?' डॉक्टर ते कधीच मागत नाहीत. रद्दीवाल्याला दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र हटकून मागतात.

त्या फिल्मचा एक मोठा गुण होता. आपल्याला तिच्यातलं काहीएक कळत नसे. डॉक्टर ती खिडकीच्या उजेडात धरत, मान किंचित तिरकी करत आणि 'हं' म्हणत. आपण त्या 'हं'चा अर्थ लावत रिक्षा करून घरी येत असू. निदान हा डॉक्टरांचा प्रांत आणि काळजी हा आपला, अशी स्वच्छ वाटणी होती.

ही वाटणी सीडीनं मोडली. स्कॅन सेंटरच्या काउंटरवर रिपोर्टच्या पाकिटात हल्ली एक सीडी घालून देतात, आणि ती घरी आली की पहिला प्रश्न उभा राहतो तो आजाराचा नसून ड्राइव्हचा. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नसते. मग शोधाशोध सुरू होते. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जुना डेस्कटॉप आहे, पण त्यावर सोसायटीचे हिशेब आहेत आणि ते कुणाला हात लावू देत नाहीत. शेवटी कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला ती सीडी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. रुग्णाची गोपनीयता इथपर्यंतच टिकते, कारण पुढच्या वेळी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेलं की तो आपुलकीनं विचारतो, "काकांच्या किडनीचं काय झालं?"

पेनड्राइव्ह उघडला की आत फोटो असतील अशी आपली भाबडी समजूत. आत असतात फोल्डर, त्या फोल्डरांत फोल्डर, आणि सर्वांत आतल्या फोल्डरात नुसत्या आकड्यांच्या नावाच्या शेकडो फायली, ज्यांना पुढे ना जेपीजी ना पीडीएफ. कॉम्प्युटर हात जोडून विचारतो, ही फाइल कशात उघडू? घरातला जाणकार तरुण ती आधी फोटोच्या ॲपमध्ये उघडून बघतो, मग व्हीएलसीमध्ये, आणि मग म्हणतो, "करप्ट आहे."

करप्ट काही नसतं. ती डायकॉम फाइल असते. एके काळी स्कॅनची यंत्रं बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची फाइल वेगळी होती; एकीच्या यंत्रानं काढलेली चित्रं दुसरीच्या कॉम्प्युटरला वाचता येत नसत. मग १९८३ साली अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांची संस्था आणि विद्युत उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना एका टेबलाला बसल्या. १९८५ साली पहिला मसुदा निघाला, आणि १९९३ मध्ये त्याला डायकॉम हे नाव मिळालं. म्हणजे चित्रांनी एकमेकांशी बोलावं एवढं ठरवायला दहा वर्षं लागली. ज्यांनी सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठका पाहिल्या आहेत त्यांना हा वेग भन्नाट वाटेल.

या फाइलची रचना आपल्याला फार जवळची आहे. सुरुवातीला १२८ बाइट्सची मोकळी जागा सोडतात आणि मग डी-आय-सी-एम ही चार अक्षरं. पत्रिकेवर वर कोरी जागा सोडून मधोमध 'श्री' लिहावं तसं. त्यानंतर यजमानाचं नाव. तेही आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग मधलं नाव; शाळेच्या हजेरीपटाचाच क्रम! जगभरच्या तज्ज्ञांनी डोकं खाजवून जो क्रम काढला तो आपले वर्गशिक्षक रोज सकाळी ओरडून वाचत होते. अर्थात सेंटरच्या काउंटरवरची मुलगी या सगळ्यावर पाणी फिरवते. तिच्यापुढे पन्नास माणसं उभी असतात. ती एकाच चौकटीत 'मिसेस' पासून आडनावापर्यंत सगळं एका दमात टाइप करते, आणि आमच्या आत्याबाई स्क्रीनच्या कोपऱ्यात 'मिसेस' या आडनावानं अवतरतात. वय लिहायला या पद्धतीत चार जागा ठेवलेल्या आहेत. त्यामुळे अठ्ठावन्न वर्षांचं वय '०५८वाय' असं दिसतं. पुढचं शून्य पाहून आत्या म्हणाल्या, "म्हणजे शंभरी गाठायची सोय यांनी करून ठेवलीय." वैद्यकीय सॉफ्टवेअरबद्दल एवढा चांगला शब्द क्वचितच कुणी काढला असेल.

ही फाइल उघडायला व्ह्यूअर लागतो. बहुतेक सीडींवर तो आयताच भरून दिलेला असतो, पण अँटिव्हायरस त्याला दारातच अडवतो. मग इंटरनेटवरून दुसरा उतरवायचा. पोलंडच्या पोझ्नान शहरातला रेडिअँट आहे, बल्गेरियातला मायक्रोडायकॉम आहे. मॅकवाल्यांसाठी ओसिरिक्स आहे आणि त्याच्यापासून फुटून निघालेला, फुकटातला होरोस. ओसायरिस हा इजिप्तच्या पुराणातला देव. त्याच्या भावानं त्याचे तुकडे करून चहूकडे फेकले आणि बायकोनं ते वेचून पुन्हा जुळवले. चकत्याचकत्यांनी येणारं शरीर जुळवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला याहून शोभेलसं नाव कुठलं? हेच काम पुण्यात झालं असतं तर त्याचं नाव 'जरासंध' ठेवलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं असतं: दुपारी १ ते ४ तुकडे जोडून मिळणार नाहीत.

व्ह्यूअर उघडतो, काळ्या पडद्यावर काकांचं पोट येतं, आणि घरातल्या प्रत्येकाच्या आत दडून बसलेला रेडिऑलॉजिस्ट जागा होतो.

पहिला शोध माउसच्या चाकाचा लागतो. चाक फिरवलं की एकामागून एक चकत्या सरकतात. जावईबापू आयटीत असल्यामुळे माउस साहजिकच त्यांच्याकडे. ते छातीपासून ओटीपोटापर्यंत सव्वा सेकंदात जातात आणि तेवढ्याच वेगानं परत येतात. यकृत फुगतं, फुगतं आणि मावळतं. मूत्रपिंडं दोन बाजूंनी उगवतात आणि विरतात. "थांबा, थांबा, मागे घ्या, ते काय होतं?" सोफ्यावरून थर्ड अंपायर ओरडतात. मागे घेतात. ते काका सकाळी खाऊन गेलेल्या पोह्यांसारखं काहीतरी असतं. "उपाशीपोटी जायला सांगितलं होतं ना?" काकू विचारतात. काका पंख्याकडे बघतात. या सॉफ्टवेअरनं आमच्या घरात केलेलं हे पहिलं अचूक निदान.

दुसरा शोध लागतो खिडकीचा, आणि इथे या सॉफ्टवेअरची खरी गंमत आहे. सीटी स्कॅन शरीराच्या कणाकणाला एक आकडा देतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाड शेकड्यांच्या घरात आणि पुढे. या मापाला गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरचं नाव आहे. तो ईएमआय कंपनीत नोकरीला होता. म्हणजे ज्या कंपनीच्या कुत्र्याच्या छापाच्या तबकड्यांवर आपल्या दोन पिढ्यांनी भावगीतं ऐकली, तिच्याच प्रयोगशाळेत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या इस्पितळात त्याच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला, आणि १९७९ मध्ये त्याला ॲलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं. गाणी विकणाऱ्या कंपनीनं माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते पाहायचं यंत्र काढावं, यात आश्चर्य तसं काही नाही.

अडचण अशी की स्कॅनमध्ये करड्या रंगाच्या हजारो छटा असतात आणि साध्या पडद्याला जेमतेम अडीचशे दाखवता येतात. आपल्या डोळ्यांना तर त्याही धड वेगळ्या कळत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर त्यातला एक पट्टा निवडतं आणि तेवढाच दाखवतं. मेंदूची खिडकी अरुंद, हाडांची रुंद, फुप्फुसांची भलतीकडेच. फुप्फुसांच्या खिडकीतून काळीज पाहिलं तर पांढरा गोळा दिसतो. पोटाच्या खिडकीतून फुप्फुस पाहिलं तर काळा खड्डा. म्हणजे काय पाहायचंय हे आधी ठाऊक असलं तरच ते दिसतं. आमच्याकडे ही खिडकी उघडते ती माउसचं चुकीचं बटण दाबून धरल्यामुळे. काका स्कूटरवरून घसरले होते तेव्हाचा डोक्याचा स्कॅन जावईबापूंनी असाच ओढता ओढता हाडांच्या खिडकीत नेला. कवटी झकास उजळली आणि आतलं सगळं एकरंगी करडं झालं.

"काका, तुमचा मेंदू एकदम सपाट दिसतोय," जावईबापू घाबरून म्हणाले.

"दिसायला स्कॅन कशाला हवा?" काकू आतून म्हणाल्या. "मी एकोणऐंशी सालापासून सांगतेय."

तिसरा घोळ डाव्या-उजव्याचा. सीटीची आडवी चकती झोपलेल्या रुग्णाच्या पायांशी उभं राहून वर पाहावं अशी दाखवायचा जगभर रिवाज आहे. त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे येते. कडेला एल आणि आर ही अक्षरं लिहिलेली असतात, पण उद्वाहनाची क्षमता आणि औषधाची एक्सपायरी यांच्याइतकंच आपण ती वाचतो. परिणामी घरचे चार दिवस चुकीच्या मूत्रपिंडाची काळजी करतात, आणि चांगल्या बाजूलाही गरम पाण्याची पिशवी लाभते. आत्यांना मात्र हा रिवाज फार पटला. पंढरपूरला पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. "इथेही आधी पायांशीच उभं राहायचं," त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे."

मुखदर्शनाची सोय आहे, पण तिकडे शक्यतो फिरकू नये. थ्रीडीचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर सगळ्या चकत्या जोडून आख्खं डोकं उभं करतं. त्वचेचा पर्याय निवडला तर चेहराही येतो. मिटलेले डोळे, मेणासारखा रंग. आणि केस इतके बारीक की सॉफ्टवेअर ते बहुधा धरतच नाही. आयुष्यभर केसांना खोबरेल तेल लावलेल्या आत्या स्क्रीनवर गुळगुळीत टक्कल घेऊन गोल फिरायला लागल्या तेव्हा घरात कुणालाच हसावं की दिवा लावावा ते कळेना. काही व्ह्यूअरमध्ये नको तो भाग कापून काढायला चक्क स्काल्पेलही दिलेला असतो. आमच्या सातवीतल्या नातवानं तो शोधून काढला आणि आजीचा जबडा वेगळा केला. घरात पाच मिनिटं शांतता होती, असं काकांचं म्हणणं.

पण या सगळ्यावर कडी करतं ते मोजपट्टीचं बटण. एका टोकाला क्लिक करायचं, दुसऱ्या टोकापर्यंत ओढायचं, की मिलिमीटरमध्ये आकडा हजर, तोही दशांशासकट. दशांशचिन्हाला मराठी माणूस फार मानतो. ज्या घरात पडद्याचं कापड दर वेळी वीतभर कमी पडतं, तिथे काकांचा मुतखडा ८.७४ मिलिमीटर भरतो. जावईबापू मोजतात तर ७.९, नातू मोजतो तर ९.२, आणि काका स्वतः मोजतात तेव्हा तो दहाच्या खाली येत नाही. खड्याच्या बाबतीत पुरुषांचं असंच असतं. लहान खडा हा कमीपणा. "चारचा? अहो, तो नुसत्या पाण्यानंच जाईल," असं शेजारचे म्हणतात तेव्हा त्यांच्या स्वरात सहानुभूती नसते. बरं, यात ते चूकही नसतात. पाच मिलिमीटरच्या आतले बरेचसे खडे आपसूकच पडून जातात. दहाचा म्हटला की मात्र लोक खुर्ची जवळ ओढतात, कुळथाच्या पाण्याचं प्रमाण सांगतात, आणि पानफुटीची कुंडी सकाळी दारात येऊन पडते.

यानंतर प्रकरण कुटुंबाच्या ग्रुपवर जातं. सॉफ्टवेअरमध्ये चित्र जेपीजी करून काढायची सोय असते. नाव-वय पुसून द्यायचीही असते. पण काका ते काही करत नाहीत. ते लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढतात. त्या फोटोत काकांचं नाव, वय आणि रुग्ण क्रमांक ठसठशीत येतो. मूत्रपिंडावर आडवेतिडवे रंगीत पट्टे उमटतात. मधोमध ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं, आणि एका कोपऱ्यात बनियनमधले खुद्द काका. पाच मिनिटांत नाशिकच्या मामांचा मेसेज येतो: "खडा ठीक, पण तो मधला लांब पांढरा पट्टा चांगला वाटत नाही. दाखवून घ्या." न्यू जर्सीतल्या भाच्याला रात्री दोन वाजता उठवलं जातं, कारण तो डॉक्टर आहे. तो भूगर्भशास्त्राचा डॉक्टर आहे. पण प्रश्न खड्याचाच असल्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. २०१३ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी २४ रेडिऑलॉजिस्टांना छातीचे सीटी स्कॅन दिले आणि फुप्फुसातल्या बारीक गाठी शोधायला सांगितल्या. एका स्कॅनमध्ये त्यांनी गुपचूप एका गोरिलाचं चित्र घातलं होतं. मूठ उगारलेला, आणि गाठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठा. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावलं होतं. त्यात असं आढळलं की न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी थेट त्याच्याकडे पाहिलं होतं. ते गाठी शोधत होते, म्हणून गोरिला दिसला नाही.

हा प्रयोग आमच्या दिवाणखान्यात केला असता तर निकाल नेमका उलटा लागला असता. आम्ही काहीच शोधत नसतो, त्यामुळे आम्हाला गोरिलाशिवाय दुसरं काही दिसतच नाही. साधी रक्तवाहिनी आडवी कापली गेली की ती गाठ. आतड्यातला वायू म्हणजे भोक. बरगडी चकतीत शिरताना जो ठिपका उमटतो तो तर नक्कीच 'तसलं काहीतरी'. डॉक्टर वर्षानुवर्षं शिकतात ते काय दिसतं हे नव्हे. कशाकडे दुर्लक्ष करायचं हे शिकतात. ती खिडकी कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही, आणि मोफत आवृत्तीत तर मुळीच नाही.

मणक्याच्या एमआरआयमध्ये हे सगळ्यात जास्त भोवतं. एल-फोर एल-फाइव्ह हे मणके आपल्याकडे आता बसच्या नंबरांसारखे सर्वांना पाठ आहेत. मोजपट्टी लावून जावईबापू दोन मणक्यांमधलं अंतर मोजतात आणि जाहीर करतात, "बघा, गॅप आलाय." गॅप येत नसतो, तो असायलाच हवा. तिथे गादी असते, आणि झिजते तेव्हा अंतर कमी होतं. पण ऐकतो कोण? पाठीचं काहीच दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के माणसांची गादी फुगलेली निघाली, आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांची. झिजेचं प्रमाण ऐंशीत ९६ टक्के. म्हणजे ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या मणक्यात काहीच सापडलं नाही तर आधी सीडी भलत्याच कुणाची आली नाही ना, ते तपासावं. पिकल्या केसांचा कुणी एमआरआय काढत नाही, म्हणून तो आजार ठरत नाही एवढंच.

हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून अशा बऱ्याच व्ह्यूअरवर सुरुवातीलाच एक सूचना झळकते: निदानासाठी वापरू नये. आपण ती 'ओके' म्हणून बंद करतो आणि निदानाला बसतो. मग डॉक्टरांकडे जातो. त्यांच्या कॉम्प्युटरवर सीडी उघडत नाही. ते शांतपणे रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळी वाचतात, पाठीवर अंगठा दाबतात आणि विचारतात, "इथे दुखतं?" आपण म्हणतो, नाही. "मग?" मग आपण खिशातून मोबाइल काढतो, त्यांना मधला लांब पांढरा पट्टा दाखवतो, आणि त्यांच्या तोंडून खिडकीशी फिल्म धरण्याच्या काळातला तोच जुना 'हं' निघतो.

काकांचा खडा पुढे यथावकाश पडला. कुळथाचं पाणी, पानफुटी, डॉक्टरांची गोळी आणि आत्यांचा नवस असे चौघे श्रेयावर दावा सांगून आहेत. पण खडा शरीरातून गेला तरी डी ड्राइव्हमधून गेलेला नाही. पाहुणे आले, चहा झाला की लॅपटॉप निघतो. काका चाक फिरवत बरोबर त्या चकतीवर येऊन थांबतात, मोजपट्टी लावतात, आणि आता तो अकरा भरतो.